सामी सुतार, वेणुवासाचा मुलगा

आमच्या घरात 'कार्ल्याला जायचं' असं कुणी म्हणत नाही. 'आईकडं जायचं' म्हणतात. उरणजवळच्या करंजा बंदरात वाढलेल्या पोरांना आई दोन असतात, एक घरातली आणि एक डोंगरावरची. त्यामुळे शाळेच्या पुस्तकात कार्ल्याच्या लेण्याचं चित्र आलं, तेव्हा ते आमच्या एकवीरा आईच्या देवळाला खेटून असलेलंच लेणं आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. चित्रात माणसं नव्हती. कोंबडे नव्हते, ब्रास बँड नव्हता, वेण्या विकणाऱ्या बायका नव्हत्या. मग ते आमचं ठिकाण कसं असणार?

चैत्र शुद्ध सप्तमीला आईची पालखी. त्याच्या आदल्या रात्री टेम्पो भरायचा. खाली सतरंजी, वर आम्ही, मध्ये तांदळाची गोणी, टोप, कांदे आणि पाय बांधलेला मानाचा कोंबडा. एक्सप्रेसवे नव्हता तेव्हा. पनवेल, खोपोली, आणि मग घाट. घाटात टेम्पो पहिल्या गिअरवर रडायला लागला की आजी 'आई माऊलीचा उदो उदो' सुरू करायची. भीतीने की भक्तीने ते तिलाच ठाऊक. पहाटे वेहेरगावात उतरायचं, अंगावर पाणी घ्यायचं आणि पायऱ्या चढायला लागायचं. चढताना एका बाजूला खण-नारळाची दुकानं, दुसऱ्या बाजूला माकडं, आणि पायाखाली नावं.

हो, नावं. पायऱ्यांवर, कठड्यावर, टप्प्याटप्प्याच्या भिंतींवर संगमरवराच्या पाट्या. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, मुलगा तमुक, मुक्काम पोस्ट अमुक बंदर, तालुका अलिबाग. कुणाची होडी वादळातून परत आली म्हणून, कुणाला सात मुलींवर मुलगा झाला म्हणून. मला नुकतं वाचायला येत होतं, त्यामुळे मी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत चढायचे आणि मागून बोलणी खायचे. वर पोचेपर्यंत मला अर्ध्या कोकणपट्टीची गावं पाठ झालेली असायची.

वर गेलं की दर्शनाची रांग. दोन तास, कधी चार. रांग सरकायची त्या अंगणातच, देवळाच्या डावीकडे, डोंगराला केवढी मोठी पिंपळपानाच्या आकाराची कमान पडलेली दिसायची. आमच्यातलं कुणी तिकडं फारसं बघत नसे. 'पांडवांनी एका रात्रीत खोदलं,' इतकीच माहिती, आणि ती पुरेशी होती. आजीच्या मते आईचं देऊळही पांडवांनीच एका रात्रीत बांधलं. पांडवांना त्या रात्री भलतंच काम पडलं असणार.

मी दहा वर्षांची असेन. त्या वर्षी ऊन असं होतं की रांगेत दोन बायकांना भोवळ आली. माझे पाय भाजत होते म्हणून बाबांनी मला उचललं आणि सावलीसाठी त्या कमानीच्या आत नेलं.

बाबा होड्या बांधायचे. आम्ही कोळी, पण बाबांनी मासेमारी थोडीच केली. हात लाकडात बसला होता. वाकस, पटाशी, रंधा ही त्यांची अवजारं आणि बंदराच्या कडेचा चिखल हे त्यांचं ऑफिस. माझ्या लहानपणाचा वास म्हणजे राळ, माशाचं तेल आणि ओला सागाचा भुसा.

आत शिरल्यावर पहिल्यांदा काही दिसेना. बाहेरचं ऊन डोळ्यात होतं. मग हळूहळू खांब उमटले, दोन्ही बाजूंना ओळीने, खाली घटासारखा तळ, वर गुडघे टेकलेले हत्ती आणि हत्तींवर बसलेली माणसं. अगदी टोकाला स्तूप, आणि स्तूपावर लाकडी छत्री. मी हत्ती मोजायला लागले. बाबांनी खांबांकडे बघितलंही नाही. त्यांनी मान वर केली आणि ती तशीच ठेवली.

छताला लाकडाचे वाक होते. वाक म्हणजे होडीच्या फासळ्या, पठाणापासून, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडापासून, दोन्ही बाजूंना वर चढत गेलेल्या, ज्यांच्यावर मग फळ्या बसतात. इथे ते उलटे होते. एकामागून एक, दाराच्या तोंडापासून स्तूपाच्या पाठीपर्यंत, सगळ्या छताला.

"ही तं उलटी होरी हाय," बाबा म्हणाले. मला नाही, स्वतःशीच.

मग बराच वेळ ते वाक मोजत राहिले. रांगेतून आजीची हाक आली, दुसरी आली, तिसऱ्या हाकेत शिवी होती. आम्ही बाहेर पळालो. दर्शन झालं, ओटी भरली, खाली येऊन जेवण झालं. परतीच्या टेम्पोत बाबांनी काकांना फक्त एवढंच सांगितलं की आत लाकूडकाम चांगलं आहे.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी आईकडं जात राहिले आणि लेण्यात गेले नाही. मधल्या काळात लेण्याभोवती कुंपण आलं, तिकीट आलं, शिट्टी घेतलेला पहारेकरी आला. एकाच अंगणात दोन रांगा झाल्या. एक फुकट आणि तीन तासांची, दुसरी तिकिटाची आणि तीन मिनिटांची. तीन तासांच्या रांगेतला माणूस तीन मिनिटांच्या रांगेकडे जात नाही, आणि तिकीट काढून आलेल्याला देवळाच्या गर्दीचा वैताग येतो. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका गृहस्थांना मी माझ्या कानांनी म्हणताना ऐकलंय, "हे देऊळ मध्ये नसतं तर काय फ्रेम मिळाली असती!" माझी आजी तेव्हा हयात असती तर तिने त्यांना फ्रेमसकट खाली पाठवलं असतं.

अर्थात त्या गृहस्थांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. चैत्यासमोर, म्हणजे त्या स्तूपाच्या दालनासमोर, डावीकडे एक उंच, सोळा बाजूंचा स्तंभ उभा आहे, माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह. उजवीकडेही तसाच एक असावा असं मानतात, आणि त्या जागी आता आईचं देऊळ आहे. बौद्ध उपासक इथे येतात, हात जोडतात, तेव्हा त्यांच्या मनात काय येत असेल याचा विचार मी अलीकडे करते. पूर्वी करत नव्हते. वाद आहे, आणि तो माझ्याने सुटणारा नाही. पण आमच्या आजीला ती जागा सोडून दुसरीकडे आई दिसली नसती, हेही तितकंच खरं.

लेण्यातल्या लेखांकडे मी वळले ती लॉकडाऊनमध्ये. घरी बसून ब्राह्मी अक्षरं शिकायचा नाद लागला. क हे अधिक चिन्हासारखं, ग हे छपरासारखं, अशी सुरुवात. १८३७ च्या सुमाराला जेम्स प्रिन्सेपने ही लिपी पुन्हा वाचेपर्यंत मधली हजारभर वर्षं तरी ती आपल्याकडे कुणालाच वाचता येत नव्हती. म्हणजे इतक्या पिढ्या त्या खांबांशी येऊन उभ्या राहिल्या, त्यावर बोट फिरवलं, आणि कुणाला मंत्र वाटला असेल, कुणाला गुप्तधनाची खूण. मग वाचून निघालं काय, तर नावं.

दानाच्या पाट्या! आमच्या पायऱ्यांवर आहेत तशाच.

सिंहांच्या स्तंभावर लिहिलंय की हा सिंहस्तंभ गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणकाचं दान. चैत्याच्या दर्शनी भिंतीवर वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठचा लेख आहे. हे 'सेलघर' आपण पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असा त्याचा दावा. शैलघर, दगडातलं घर. किती साधा शब्द आहे. आणि 'जंबुद्वीपात उत्तम' हे वाचून मला आमच्या बंदरातले नवी बोट पाण्यात सोडणारे नाखवे आठवले. तोच आवाज, तीच छाती. फरक एवढाच की भूतपाल खोटं बोलत नव्हता. १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळपास तितकंच उंच असं हे दालन भारतातल्या कोरीव चैत्यांमध्ये सगळ्यात मोठं आहे. आमच्या धक्क्यावरच्या मोठ्या ट्रॉलर एकापुढे एक दोन लावल्या तर आत बसतील.

आतल्या खांबांवरची नावं तर फारच गमतीची. एक खांब सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या भाणकाचा, म्हणजे धर्मग्रंथ म्हणून दाखवणाऱ्याचा. सोपारा म्हणजे आपलं वसईजवळचं नालासोपारा. कितीतरी खांब यवनांचे, म्हणजे त्या काळच्या ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परक्यांचे, आणि गाव लावलंय धेनुकाकट. धेनुकाकट नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, पण तिथे व्यापार जोरात असणार, कारण दात्यांपैकी निम्मेअधिक जण जणू त्याच गावचे. तिथला एक सिंहदत्त, अत्तरं विकणारा, त्याने दार दिलं. एका गृहस्थाची आई, नाव भायिला, तिचंही दान आहे. भायिला! आमच्याकडे आजही प्रत्येक आजी 'बाय' असते. भाषाशास्त्र मला ढिम्म कळत नाही, पण ते नाव वाचलं तेव्हा कपाळावर मळवट भरलेली, कमरेला रुपयांची चंची लावलेली एक म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि ती अजून गेलेली नाही.

हे सगळे लोक इथे येत कारण खालून रस्ता जात होता. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत माल उतरायचा आणि बोरघाट चढून देशावर जायचा. घाट संपला की लेणी. कार्ले, समोरच्या डोंगरात भाजे, थोडं पुढे बेडसे. समुद्राकाठची माणसं घाट चढून इथे येत, देणगी देत, नाव कोरून घेत. आजही मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळीवाड्यांतून पालख्या घेऊन लोक पायी निघतात ते त्याच घाटाने. देव बदलले, वाट तीच राहिली. डोंगराचं त्या काळचं नाव वलूरक. पायथ्याच्या गावाचं वेहेरगाव हे नाव तर सरळ 'विहार' वरून आलेलं.

पण मी अडकले ती दुसऱ्याच एका ओळीशी. दाराशी आहे ती. धेनुकाकटच्या सामी नावाच्या 'वढकि'ने, वेणुवासाच्या मुलाने, घराचं मुख केलं. वढकि म्हणजे सुतार. विदर्भात अजून 'वाढई' म्हणतात, तोच शब्द.

बघा हं, बाकी बहुतेकांनी दान 'दिलं'. याने 'केलं'.

दगडाच्या कामावर सुताराचं नाव का, हा प्रश्न मला पडला नाही, कारण उत्तर मी दहाव्या वर्षी ऐकलं होतं. हे सगळं मुळात लाकडाचंच घर आहे, दगडात उतरवलेलं. कमान लाकडी कमानीसारखी, कठड्यांची नक्षी लाकडी कठड्यांसारखी. भाज्याच्या चैत्यात तर खांबसुद्धा आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत, छपराचा भार पेलायला लाकडी खांब तिरके रोवावे लागत तसे. दगडाला त्याची काही गरज नाही, पण घर बांधायची सवय सुटली नाही. कार्ल्याला येईपर्यंत खांब सरळ झाले, दगडाची खात्री पटली. तरी छताला वाक मात्र लाकडाचेच हवे होते. ते वाक काही पेलत नाहीत. डोंगर स्वतःला पेलतो. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सागाचे ते वाक फक्त यासाठी चढवले, की वर बघितल्यावर घर वाटलं पाहिजे.

बाबांनी आयुष्यात किती होड्या बांधल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. प्रत्येक होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव असतं. 'एकवीरा प्रसन्न', 'जय मल्हार', नाखव्याच्या बायकोचं, मुलीचं. सुताराचं नसतं. होडी पाण्यात उतरते त्या दिवशी सुताराला मान असतो, नारळ, टोपी, टॉवेल. मग होडी जाते. आता तर फायबरच्या आल्या, साच्यातून निघतात, वाक कुणाला हवेत?

तर मागच्या थंडीत मी तिकीट काढून आत गेले. सोबत भाचा होता, नववीतला. त्याला खरं तर लोहगडावर जायचं होतं. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले त्यात लोहगड आहे, आणि त्याच्या वर्गातल्या अर्ध्या पोरांनी विंचूकाट्यावरचा, म्हणजे गडाच्या नांगीसारख्या लांब सोंडेवरचा, फोटो टाकून झाला होता. 'आधी लेणी, मग गड' असा सौदा ठरला.

बाहेरच्या ओसरीतच तो रमला. दोन्ही टोकांना दगडी हत्ती आहेत, तीन-तीन, पुढचा अर्धाच भाग, जणू अख्खी इमारत पाठीवर घेऊन डोंगरातून बाहेर पडताहेत. त्यांच्या तोंडाशी भोकं आहेत. एकेकाळी तिथे खरे हस्तिदंत बसवलेले होते असं म्हणतात. भाच्याने भोकात बोट घातलं, शिट्टी वाजली, बोट बाहेर आलं. भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत, सुंदर, भरल्या अंगाच्या, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेल्या. त्यांच्या मधल्या जागांत काही शतकांनी बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. जुनी नक्षी तासून जागा केलेली स्पष्ट दिसते. म्हणजे 'हे मध्ये नसतं तर' असं म्हणणारा कुणीतरी तेव्हाही असणारच.

मग मी सामी सुताराला शोधायला लागले. पुस्तकात अक्षरं स्वच्छ असतात. दगडावर ती झिजलेली, उथळ, आणि उजेड तिरका पडला तरच दिसणारी. मी दाराच्या बाजूला मान तिरकी करून उभी, मोबाइलचा टॉर्च कडेने मारत होते. पहारेकरी आला. काय शोधताय? म्हटलं, सुताराचं नाव. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, वेडी नाही अशी खात्री केली, आणि मला दोन पावलं सरकवून म्हणाला, "इथून बघा. दुपारी चारनंतर उन्हं आत येतात, तेव्हा बरं दिसतं." मग हळूच, "वाचता येतं का तुम्हाला?" मी म्हटलं, थोडंसं. "मग वाचा की मोठ्याने."

मी वाचलं. अडखळत, पहिलीतल्या पोरीसारखं. सा. मि. ना. भाच्याने व्हिडिओ घेतला. पायऱ्यांवरच्या पाट्या वाचत चढायचे तो माझाच आवाज होता तो, फक्त मागून बोलणी बसत नव्हती.

आईचं दर्शनही घेतलं. आठवड्याचा मधला दिवस, रांग पंधरा मिनिटांची. उतरताना आमच्या एका लांबच्या नातलगांची पाटी दिसली, अक्षरांतला काळा रंग उडालेला. कार्ल्याच्या खांबांपेक्षा ती कठीण वाचायला.

लोहगडाचं फार सांगत नाही. वारा होता, गर्दी होती, चारही दरवाजे एकामागून एक वळणावळणाने चढत जातात ते फार देखणे आहेत, आणि विंचूकाट्यावर भाच्याला त्याचा फोटो मिळाला. तटाच्या चुन्यावर कुणाकुणाची नावं खिळ्याने कोरलेली, बाण मारलेली बदामं. भाचा म्हणाला, "मावशी, हीपण दोन हजार वर्षांनी कुणीतरी वाचेल." मी त्याला झापलं. पण पुढचा अर्धा तास मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होते आणि मला नीट जिंकता येत नव्हतं. भायिलाने आणि त्या सातिमिताने निदान एक-एक काम पदरचं घालून करून दिलं होतं, इतकाच मुद्दा माझ्याकडे होता.

बाबांचं वय आता ऐंशीच्या पुढे. गुडघे गेले. आईकडं जाणं पाच वर्षांपासून बंद आहे; घरच्या फोटोलाच ओटी भरतात. रात्री त्यांच्या खाटेवर बसून मी मोबाइल पुढे धरला. सामीची ओळ दाखवली, बोट ठेवून वाचून दाखवली. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, सुतार. त्याने हे दार केलं. दोन हजार वर्षं नाव आहे बघा, बाबा.

"बरं," ते म्हणाले. आणि बोटाने फोटो पुढे सरकवला. त्यांना मोबाइल नीट येत नाही, पण सरकवता येतं. हत्ती गेले, जोड्या गेल्या, भाचा गेला. छताचा फोटो आला तिथे थांबले. मला मोठा करायला सांगितला. मी मोठा केला. अजून, म्हणाले. फोटो फुटायला लागला.

"येकाच लाकराचं हायेत का जोरलेलं?"

मी म्हटलं, काय?

त्यांनी मला समजावून सांगितलं, मूल असल्यासारखं. एवढ्या वळणाचा वाक एका लाकडात निघत नाही. होडीला लाकूड वाकवायचं नसतं, वाकलेलंच शोधायचं असतं. रानात हिंडून झाडाचा बाक बघून खूण करून यायची. पण हे वळण फार मोठं. म्हणजे दोन किंवा तीन तुकडे असणार. मग जोड कुठेतरी दिसणार. जोड कसा घातलाय, आडवा की तिरका, खिळा आहे की खुंटी? ते सांग.

मी बघितलं नव्हतं. दोन तास आत होते आणि सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून.

"परत जाशील तवा बघून ये, बाय," बाबा म्हणाले, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन भिंतीकडे वळून झोपले.